चार राजधान्यांचा रस्ता : नॉर्डिक बससहलीचा इतिहास

डेन्मार्कची कोपनहेगन, नॉर्वेची ऑस्लो, स्वीडनची स्टॉकहोम आणि फिनलंडची हेलसिंकी या चार राजधान्या एकाच बसने, एकाच गटाबरोबर पाहण्याची सहल दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. तिचा नेहमीचा मार्ग ठरलेला आहे. कोपनहेगनहून ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडायची, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याने वर जात ऑस्लो गाठायचे, तिथून जंगले आणि सरोवरे मागे टाकत स्टॉकहोमला यायचे आणि रात्रीच्या बोटीने बाल्टिक समुद्र पार करून हेलसिंकीत उतरायचे. कोपनहेगन ते ऑस्लो हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे, तर ऑस्लो ते स्टॉकहोम ५०० किलोमीटरांहून थोडे अधिक. आइसलंडची रेक्याविक ही पाचवी नॉर्डिक राजधानी अटलांटिक महासागरातल्या बेटावर असल्याने या मार्गात येत नाही.

हा प्रवास आज सहज वाटतो, पण तो घडवण्यात बसगाडीचा वाटा लहान आहे. शतकानुशतके एकमेकांशी लढलेल्या देशांनी विसाव्या शतकात आपल्या सीमा स्वखुशीने सैल केल्या, पूल बांधले, रस्त्याचे नियम जुळवून घेतले आणि सामान्य माणसाला पगारी रजा दिली, म्हणून ही सहल शक्य झाली. या मार्गाचा इतिहास हा त्या सामंजस्याचाच इतिहास आहे.

लढायांची भूमी

१३९७ मध्ये राणी मार्गारेटच्या पुढाकाराने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही राज्ये काल्मार संघात एका राजमुकुटाखाली आली. फिनलंड तेव्हा स्वीडनचाच भाग होता. हा संघ कलहातच चालला. नोव्हेंबर १५२० मध्ये डॅनिश राजा दुसरा ख्रिश्चन याने स्टॉकहोमच्या मुख्य चौकात ऐंशीहून अधिक सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची कत्तल करवली. त्यानंतर पेटलेल्या उठावातून १५२३ मध्ये गुस्ताव वासा स्वीडनचा राजा झाला आणि संघ संपला. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे डेन्मार्क आणि स्वीडन पुन्हा पुन्हा लढत राहिले.

बसच्या मार्गावर या युद्धांच्या खुणा पावलोपावली आहेत. १६५८ च्या हिवाळ्यात स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव याने गोठलेल्या सामुद्रधुन्यांवरून सैन्य नेऊन डेन्मार्कला अचानक गाठले. त्यानंतर रोस्किल्डच्या तहात स्कोने, हालांड आणि बोहुसलेन हे प्रांत कायमचे स्वीडनकडे गेले. माल्मोपासून नॉर्वेच्या सीमेपर्यंतचा आजचा महामार्ग याच प्रांतांतून जातो. १६२१ मध्ये वसवलेल्या गोथेनबर्गजवळची अरुंद पट्टी सोडली, तर हा सारा किनारा सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत डेन्मार्क-नॉर्वेच्या ताब्यात होता. ओरेसुंडमधून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून डॅनिश राजे हेलसिंगोर येथे जकात घेत. १४२९ च्या सुमारास सुरू झालेली ही वसुली १८५७ पर्यंत चालली. तिथला क्रोनबोर्ग किल्ला त्याच जकातीच्या बळावर उभा राहिला.

नेपोलियनच्या काळात नकाशा पुन्हा बदलला. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड गमावला आणि तो रशियाच्या झारकडे गेला. १८१४ मध्ये डेन्मार्कला नॉर्वे सोडावा लागला आणि तो स्वीडनच्या राजाच्या अमलाखाली आला. नॉर्वे १९०५ मध्ये रक्तपात न होता वेगळा झाला, तर फिनलंडने ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले.

राजधान्यांची रूपेही या घडामोडींनीच ठरवली. बिशप आब्सालोनने ११६७ च्या सुमारास किल्ला बांधला, त्याभोवती कोपनहेगन वाढले. १७२८ आणि १७९५ च्या आगी आणि १८०७ चा ब्रिटिश तोफमारा यांमुळे त्याचा मोठा भाग पुन्हा उभारावा लागला. १६२४ मध्ये ऑस्लो जळाले, तेव्हा राजा चौथा ख्रिश्चन याने शहर आकर्सहूस किल्ल्याशेजारी हलवले आणि त्याला ख्रिस्तियानिया हे नाव दिले. जुने नाव १९२५ मध्ये परत आले. स्टॉकहोमचा पहिला लेखी उल्लेख १२५२ चा आहे. सरोवराचे पाणी समुद्राला मिळते त्या अरुंद जागी ते वसले, आणि जुने गाव आजही त्याच बेटावर आहे. हेलसिंकी १५५० मध्ये स्थापन झाले, पण दीर्घकाळ लहानच राहिले. जुनी राजधानी तुर्कू स्वीडनला फार जवळची म्हणून झार पहिला अलेक्झांडर याने १८१२ मध्ये राजधानी हेलसिंकीला नेली. जर्मनीत जन्मलेला वास्तुविशारद कार्ल लुडविग एंगेल याने तिथे सिनेट चौक आणि त्यावरील पांढरे कॅथेड्रल यांची रचना केली. कॅथेड्रल त्याच्या मृत्यूनंतर, १८५२ मध्ये पूर्ण झाले.

घोडे, आगबोटी आणि रेल्वे

रेल्वे येण्यापूर्वी या प्रदेशातला प्रवास शेतकऱ्यांच्या घोड्यांवर चालत असे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ठराविक अंतरावर चौक्या होत्या. प्रवाशाला ठरलेल्या दराने ताजा घोडा पुरवणे हे आसपासच्या शेतकऱ्यांवर कायद्याने बंधनकारक होते. नॉर्वेतली एका प्रवाशाची दोनचाकी कारियोल गाडी या प्रवासाची खूण बनली. ऐन कापणीच्या दिवसांत घोडा सोडावा लागत असल्याने शेतकऱ्यांना हे ओझे जड जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश हौशी प्रवासी मासेमारी, शिकार आणि फ्योर्ड पाहण्यासाठी नॉर्वेला येऊ लागले. थॉमस बेनेट या इंग्रज माणसाने १८५० मध्ये ख्रिस्तियानियात त्यांच्यासाठी प्रवास कचेरी काढली. तो कारियोल भाड्याने देई, प्रवासाची आखणी करून देई आणि माहितीपुस्तिका छापी. मार्ग, मुक्काम आणि वाहन एकाच ठिकाणी ठरवून मिळण्याची सोय या प्रदेशात अशी सुरू झाली.

डेन्मार्कची पहिली रेल्वे १८४७ मध्ये कोपनहेगन ते रोस्किल्ड धावली. नॉर्वेत १८५४ मध्ये आणि फिनलंडमध्ये १८६२ मध्ये रेल्वे आली. त्याच १८६२ मध्ये स्टॉकहोम ते गोथेनबर्ग हा मुख्य लोहमार्ग पूर्ण झाला. १८९२ पासून हेलसिंगोर आणि हेलसिंगबोर्ग यांच्यात रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. गाडी बोटीवर चढवून समुद्र ओलांडायची ही पद्धत पुढे बससाठीही वापरात आली. समुद्रमार्गही वाढत होते. १८६६ मध्ये कोपनहेगनच्या जहाज कंपन्या एकत्र करून डीएफडीएस ही कंपनी स्थापन झाली. कोपनहेगन ते ऑस्लो हा तिचा मार्ग दीडशेहून अधिक वर्षे तिच्याकडे होता. २०२४ मध्ये तो एका स्वीडिश कंपनीने घेतला.

पाहण्याजोगी शहरे

याच काळात या राजधान्यांत पाहुण्याला दाखवण्यासारखे बरेच काही निर्माण झाले. गेऑर्ग कार्स्टेनसेन याने ऑगस्ट १८४३ मध्ये कोपनहेगनच्या तटबंदीलगत तिवोली हे करमणुकीचे उद्यान उघडले. हान्स ख्रिश्चन आंदरसनच्या कथेवरून एडवर्ड एरिकसेनने घडवलेली जलपरीची मूर्ती १९१३ मध्ये बंदराकाठी बसली.

स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलियस याला कारखान्यांच्या युगात खेड्यातली घरे, पोशाख आणि अवजारे नाहीशी होताना दिसत होती. त्याने देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे सुटी करून आणली, एका टेकडीवर पुन्हा उभी केली आणि १८९१ मध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय लोकांसाठी उघडले. ही कल्पना लवकरच पसरली. ऑस्लोच्या बिग्दोय द्वीपकल्पावर आणि हेलसिंकीच्या सेउरासारी बेटावर अशीच संग्रहालये झाली. चारही देशांत राष्ट्रीय अस्मितेचा शोध चालू होता आणि खेड्यातले लाकडी घर त्या शोधाचे केंद्र होते. त्यामुळेच आजही या सहलीत राजवाड्याइतकाच मान शेतकऱ्याच्या घराला मिळतो.

नॉर्वेत १८८० मध्ये गोक्स्टाड आणि १९०४ मध्ये ओसेबर्ग या ठिकाणच्या दफनांतून व्हायकिंग जहाजे निघाली. त्यांच्यासाठीची इमारत १९२६ मध्ये बिग्दोयवर खुली झाली. गुस्ताव विगेलान याने १९२१ मध्ये ऑस्लो नगरपालिकेशी करार केला. त्यानुसार नगरपालिकेने त्याला घर आणि कार्यशाळा दिली, आणि त्याने आपले शिल्पकाम शहराला दिले. दोनशेहून अधिक शिल्पांचे उद्यान त्यातून साकारले. स्टॉकहोममध्ये रागनार ओस्टबर्ग याने आखलेले, सुमारे ऐंशी लाख विटांचे नगरभवन १९२३ मध्ये उघडले. नोबेल पारितोषिकांची मेजवानी आता तिथे होते.

स्टॉकहोमचे सर्वात मोठे आकर्षण मात्र अपयशातून मिळाले. १० ऑगस्ट १६२८ रोजी वासा ही युद्धनौका पहिल्याच सफरीत बंदराच्या आत बुडाली. आंदर्स फ्रान्सेन याने १९५६ मध्ये तिचा ठाव लावला आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ती पाण्याबाहेर आली. लाकूड पोखरणारा शिपवर्म हा जीव बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात टिकत नाही, म्हणून ती तीन शतके जवळजवळ अखंड राहिली. तिचे आजचे संग्रहालय १९९० मध्ये झाले.

रजा आणि बस

ही शहरे सामान्य माणसाला पाहता यावीत यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या : मोकळा वेळ आणि परवडणारे वाहन. कामगार चळवळीच्या रेट्याने १९३० च्या दशकात नॉर्डिक देशांनी पगारी रजेचे कायदे केले. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये १९३८ मध्ये दोन आठवड्यांची रजा कायद्याने मिळाली. नॉर्वेने १९४७ मध्ये आणि स्वीडनने १९५१ मध्ये ती तीन आठवड्यांवर नेली. बस त्याआधीच आली होती. १९२० च्या दशकात स्वीडनच्या टपाल खात्याने उत्तरेच्या विरळ वस्तीत टपालाबरोबर प्रवासी नेणाऱ्या बस सुरू केल्या होत्या.

युद्धाने हे सारे थांबवले. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर आक्रमण केले, फिनलंड सोव्हिएत संघाशी लढला आणि स्वीडन तटस्थ राहिला. युद्धानंतर गटाने बसप्रवास करण्याची लाट आली. या लाटेचे उत्तम उदाहरण डेन्मार्कच्या च्यारेबोर्ग गावचे पाद्री आयलिफ क्रोगागर यांचे आहे. त्यांनी १९५० मध्ये लोकांना बसने स्पेनला नेले. त्या उपक्रमातून पुढे डेन्मार्कमधल्या मोठ्या सहल कंपन्यांपैकी एक उभी राहिली. एकट्याने परदेशी जायला धजावणार नाही असा माणूस ओळखीच्या गटाबरोबर निर्धास्त निघतो, हे त्यांना कळले होते. बससहलीचा पाया तोच आहे.

बाहेरून येणाऱ्यांसाठी विमानाने दार उघडले. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी १९४६ मध्ये मिळून एसएएस ही विमान कंपनी स्थापली. १९५४ मध्ये तिने उत्तर ध्रुवप्रदेशावरून कोपनहेगन ते लॉस एंजेलिस मार्ग सुरू केला. कोपनहेगन हे या प्रदेशाचे प्रवेशद्वार बनले आणि बहुतेक सहली तिथून सुरू होऊ लागल्या. या प्रवाशांत अनेक अमेरिकन होते. १८२५ नंतरच्या शतकभरात आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन आणि दहा लाखांहून अधिक स्वीडिश लोक अमेरिकेला गेले होते. त्यांची मुले आणि नातवंडे पूर्वजांचा देश पाहायला येत होती. हेलसिंकीला १९५२ च्या ऑलिंपिकने जगापुढे आणले. १९४० मध्ये तिथे व्हायचे ऑलिंपिक युद्धामुळे रद्द झाले होते.

सीमा सैल होतात

१९५२ मध्ये या देशांच्या सहकार्यासाठी नॉर्डिक कौन्सिल स्थापन झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांनी आपल्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत पासपोर्टविना ये-जा करण्याची मुभा दिली. १९५७ मध्ये झालेला आणि १ मे १९५८ पासून अमलात आलेला करार त्याही पुढे गेला. या देशांमधल्या सीमांवरची पासपोर्ट तपासणीच बंद झाली आणि परदेशी पर्यटकाची तपासणी फक्त बाहेरच्या सीमेवर होऊ लागली. चाळीस-पन्नास जणांची बस दर सीमेवर तासभर थांबवावी लागली असती, तर चार राजधान्यांची सहल थोड्या दिवसांत बसवणे कठीण होते. उरलेल्या युरोपात हेच घडायला आणखी जवळपास चार दशके लागली.

रस्तेही जोडले जात होते. नॉर्वे आणि स्वीडन यांच्यातील स्विनेसुंद येथील पूल युद्धकाळात स्फोटाने मोडला होता. तो दुरुस्त होऊन १९४६ मध्ये खुला झाला. दोन्ही देश शांततेने वेगळे झाल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, जून २००५ मध्ये, शेजारी नवा पूल सुरू झाला.

एक अडचण मात्र १९६७ पर्यंत राहिली. स्वीडनमध्ये वाहने डाव्या बाजूने चालत, तर त्याच्या तिन्ही शेजाऱ्यांकडे उजव्या. स्वीडिश बसचे दरवाजे डावीकडे असल्याने नॉर्वेत गेल्यावर प्रवासी रहदारीच्या बाजूला उतरत. १९५५ च्या जनमत चाचणीत सुमारे ८३ टक्के स्वीडिश मतदारांनी बदल नाकारला होता. तरीही संसदेने १९६३ मध्ये निर्णय घेतला, आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता सारा देश उजव्या बाजूला आला. हजारो बस बदलून घ्याव्या लागल्या. त्यानंतर चारही देशांत बसचा दरवाजा पदपथाच्या बाजूला उघडू लागला.

बाल्टिकवरची रात्र

स्टॉकहोम ते हेलसिंकी हा टप्पा बोटीशिवाय होत नाही. स्वीडिश आणि फिनिश जहाज कंपन्यांनी मिळून १९५७ मध्ये सिल्या लाइन स्थापली, तर व्हायकिंग लाइन हे नाव १९६६ पासून प्रचारात आले. १९६० च्या आसपास वाहने थेट पोटात घेणारी जहाजे या समुद्रावर आली. त्यामुळे पर्यटकांची बसही त्यांच्याबरोबर पलीकडे जाऊ लागली. पुढच्या काळात ही जहाजे वाढत गेली. १९९० आणि १९९१ मध्ये आलेल्या सिल्या सेरेनेड आणि सिल्या सिम्फनी या जहाजांत तर मधोमध दुकानांचा लांब रस्ताच आहे.

तिकीट स्वस्त राहण्यामागे करमुक्त विक्रीचा मोठा वाटा होता. नॉर्डिक देशांत दारूवर जबर कर असल्याने जहाजावरची दुकाने जोरात चालत. युरोपीय संघाने १ जुलै १९९९ पासून सदस्य देशांमधली करमुक्त विक्री बंद केली. मात्र फिनलंडची स्वायत्त ओलांड बेटे संघाच्या अप्रत्यक्ष करव्यवस्थेबाहेर असल्याने, तिथे थांबणाऱ्या जहाजांना ती विक्री चालू ठेवता आली. स्टॉकहोम-हेलसिंकी जहाजे मध्यरात्री किंवा पहाटे ओलांड बेटांना काही मिनिटे टेकतात ती यामुळेच.

या समुद्राने मोठे दुःखही दिले. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेले एस्टोनिया हे जहाज बुडून ८५२ लोक मृत्युमुखी पडले. वाहने आत घेण्याचा पुढचा दरवाजा वादळात निखळला होता. त्यानंतर अशा जहाजांची रचना, दरवाजे आणि जीवरक्षक साधने यांचे नियम कडक झाले. आज बस आणि माणसे या समुद्रावरून सुरक्षित जातात त्यामागे हा धडा आहे.

पूल, शेंगेन आणि सहप्रवासी

१९९८ मध्ये ग्रेट बेल्ट या डॅनिश सामुद्रधुनीवरचा रस्ता खुला झाला आणि कोपनहेगन युरोपच्या मुख्य भूमीशी पुलांनी जोडले गेले. १ जुलै २००० रोजी ओरेसुंडचा दुवा सुरू झाला. सुमारे १६ किलोमीटर लांबीच्या या दुव्यात पूल, कृत्रिम बेट आणि समुद्रतळाखालचा बोगदा असे तीन भाग आहेत. ज्या पाण्यावर जकात आणि सत्ता यांसाठी शतके लढाया झाल्या, ते पाणी बस आता काही मिनिटांत ओलांडते. २५ मार्च २००१ पासून नॉर्डिक देश सीमातपासणीविना प्रवासाच्या युरोपीय शेंगेन व्यवस्थेत आले. नॉर्वे आणि आइसलंड युरोपीय संघाचे सदस्य नसूनही तिच्यात सामील आहेत.

याचा थेट लाभ भारतातल्या पर्यटकांना झाला, कारण चारही देशांसाठी एकच व्हिसा पुरू लागला. मराठी सहल कंपन्यांच्या स्कँडिनेव्हिया सहली याच मार्गावरून जातात.

सहलीचे वेळापत्रक पुष्कळदा प्रवाशांना घाईचे वाटते, पण त्यामागे सुरक्षिततेचा कायदा असतो. युरोपीय नियमांनुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाचे चालवणे साधारणपणे नऊ तासांवर जाऊ शकत नाही. टॅकोग्राफ हे यंत्र त्याची नोंद ठेवते. दिवसाचा टप्पा, जेवणाचे ठिकाण आणि सुटण्याची वेळ यावरूनच ठरते. बसच्या आतही काही रीती रुजल्या आहेत. पुढच्या खिडकीचा लाभ सर्वांना मिळावा म्हणून अनेक गटांत रोज जागा बदलतात, आणि शहर दाखवायला तिथला स्थानिक मार्गदर्शक बसमध्ये चढतो.

२०१५ मधल्या निर्वासितांच्या लोंढ्यानंतर आणि २०२० च्या महासाथीत या सीमांवर तपासण्या परत आल्या, ओरेसुंडवर तर काही काळ कडकपणे. मोकळी सीमा ही राज्यकर्त्यांच्या इच्छेवर आणि शेजाऱ्यांच्या विश्वासावर टिकते, हे त्यावरून दिसले. चार राजधान्यांची बससहल त्या विश्वासामुळे सुरू झाली आणि तो आहे तोवरच ती अशी चालेल. या मार्गाने जाणाऱ्याने वासा आणि तिवोली यांच्याइतकेच लक्ष स्विनेसुंद आणि ओरेसुंडच्या पुलांकडेही द्यावे, कारण नॉर्डिक देशांनी उभारलेल्या स्मारकांत त्यांचा मान पहिला आहे.